विदूषकाच्या हातचीं चित्रें



अमेरिकेंतील एकाद्या मध्यम स्थितींतल्या गृहस्थाच्या दिवाणखान्यांत आपण बसलों आहोंत, अशी क्षणभर कल्पना करूं. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटींत एक चित्र टांगलेलें आहे. पांढरा रंग फासलेला चेहरा, बोरासारखें तांबडें नाक, डोक्यावर चेपलेली जुनी हॅट, आणि त्या सगळ्या सोंगाच्या आडून पाहणारे दोन डोळे. ओंठ रंगानें हंसरे केलेले आहेत. डोळे मात्र हंसत नाहींत. चित्राच्या कोपऱ्यांत सही आहे : रेड स्केल्टन. पाहुणा विचारतो, 'हा कोण चित्रकार?' यजमान उत्तर देतो, 'चित्रकार कसला! आमच्या लहानपणीं दर आठवड्याला आम्हां घरच्या सर्वांना पोट धरून हंसविणारा नट तो.'

हें उत्तर साधें दिसलें तरी त्यांत एक कोडें आहे. मनुष्य टपालाचीं तिकिटें जमवितो, जुनीं नाणीं जमवितो, थोर पुरुषांच्या हस्ताक्षरांनीं वह्या भरतो. ज्याची जी विद्या, तिची खूण तो जपून ठेवतो. परंतु ज्याची सारी कीर्ति हंसविण्यांत, त्यानें काढलेल्या चित्रांसाठीं लोकांनीं हजारों डॉलर कां मोजावे? ते चित्र विकत घेतात कीं त्या माणसाची आठवण विकत घेतात? आणि आठवण अशी विकत घेतां येते काय? स्केल्टनच्या चित्रांचा इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो.

रिचर्ड बर्नार्ड स्केल्टन हें त्याचें मूळ नांव. केस तांबूस, म्हणून 'रेड' हें टोपण नांव पडलें आणि तेंच जन्मभर टिकलें. इंडियाना संस्थानांत वाबॅश नदीच्या कांठीं व्हिन्सेन्स म्हणून गांव आहे, तेथें ता. १८ जुलै १९१३ रोजीं त्याचा जन्म झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा. बाप जोसेफ हा किराणा मालाचा दुकानदार. पण दुकानापूर्वीं तो हॅगनबेक-वॉलेस या नांवाजलेल्या सर्कशींत विदूषकाचें काम करीत असे. मुलाच्या जन्मापूर्वीं सुमारें दोन महिने हा बाप वारला. म्हणजे जगाला पुढें साठ वर्षें हंसविणाऱ्या या मुलानें आपल्या विदूषक बापाचा चेहरा कधींहि पाहिला नाहीं. ही एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याकडे पुन्हां यावें लागणार आहे.

घरीं दारिद्र्य होतें. आई कष्ट करी आणि हें पोर सातव्या वर्षापासून रस्त्यावर वर्तमानपत्रें विकी. पुढें औषधें विकणाऱ्या एका फिरत्या वैद्याच्या मेळ्यांत तो शिरला. त्या काळीं अमेरिकेंत असे वैद्य गांवोगांव गाडी घेऊन हिंडत, गाणेंबजावणें करून गर्दी जमवीत आणि मग औषधाच्या बाटल्या खपवीत. एके दिवशीं हा मुलगा चुकून रंगमंचावरून खालीं कोसळला आणि पडतां पडतां कांहीं बाटल्या फुटल्या. लोक खो खो हंसले. मालक व मुलगा, दोघांच्याहि एकदम लक्षांत आलें कीं या पडण्यावर पोट भरतां येईल. त्या दिवसापासून पडणें हाच त्याचा धंदा झाला. नदीवरच्या नाटकी बोटी, हलक्या दर्जाचीं नाट्यगृहें, थोडे दिवस बापाचीच सर्कस, असें करीत करीत तो वर चढत गेला.

सन १९४० पासून तो बोलपटांत चमकूं लागला. १९४१ च्या ऑक्टोबरांत त्याचा स्वतःचा नभोवाणीचा कार्यक्रम सुरू झाला. ३० सप्टेंबर १९५१ पासून तो टेलिव्हिजनवर दिसूं लागला आणि १९७१ पर्यंत, म्हणजे वीस वर्षें, अमेरिकेच्या घराघरांत त्याची दर आठवड्याची हजेरी ठरलेली असे. त्याचीं पात्रें लोकांना आपल्या आप्तांइतकीं परिचयाचीं झालीं. त्यांतलें फ्रेडी हें पात्र सर्वांचें आवडतें. हा फ्रेडी म्हणजे फाटक्या कोटांतला, चेपल्या हॅटमधला एक भणंग विदूषक. तो बहुधा बोलत नसे. नुसत्या हातवाऱ्यांनीं व चेहऱ्यानें सगळें सांगे. समोर कांहीं नसतांना तो पेला उचली, भाकरीचा तुकडा मोडी, कुत्र्याला घाली. आणि प्रेक्षकांना तो पेला, तो तुकडा, तें कुत्रें, सगळें दिसे.

आतां चित्रांकडे वळूं. स्केल्टननें चित्रें काढण्यास १९४३ मध्यें सुरुवात केली. त्याचें निमित्त तो स्वतः मोठें गमतीनें सांगत असे. शिकागोच्या एका मोठ्या दुकानांत कांहीं चित्रें विक्रीस मांडलेलीं होतीं. त्यांतल्या एकांत याला नुसते रंगाचे डाग दिसले. यानें किंमत विचारली. दुकानांतील नोकर तोऱ्यानें म्हणाला कीं दहा हजार असले तरी तें चित्र विकत घेणार नाहींत. नोकराच्या मनांत दहा हजार डॉलर होते. स्केल्टननें अर्थ लावला दहा हजार माणसांचा. मग त्या न घेणाऱ्या दहा हजारांतला मीहि एक, असें सांगून तो बाहेर पडला आणि त्यानें रंग व कुंचले विकत घेतले. विनोदी नटाच्या सांगण्यांत थोडें मीठमसाल्याचें प्रमाण असावयाचेंच. परंतु रंग घेतले ही गोष्ट खरी, आणि ते त्यानें पुन्हां कधीं खालीं ठेवले नाहींत हीहि खरी.

जवळ जवळ वीस वर्षें हा उद्योग खाजगी राहिला. ज्याचा प्रत्येक हावभाव लाखों लोक पाहत होते, त्याचा हा एक छंद मात्र चार भिंतींच्या आंत होता. त्याची दुसरी पत्नी जॉर्जिया हिनें पूर्वीं चित्रकलेचें शिक्षण घेतलें होतें. तिनें आग्रह केला तेव्हां १९६४ मध्यें लास व्हेगास येथील सँड्स हॉटेलांत, जेथें त्याचे प्रयोग चालू होते तेथेंच, त्याच्या चित्रांचें पहिलें जाहीर प्रदर्शन भरलें. चित्रकलेचा आपल्या मूकाभिनयाला उपयोग होतो, असें त्याचें म्हणणें असे. जी वस्तु हातांत नाहीं ती प्रेक्षकांना दाखवावयाची, तर ती प्रथम आपल्याला स्पष्ट दिसली पाहिजे. आणि कुंचला हातीं घेतलेल्या माणसाला वस्तूंचा आकार, वजन व छाया पाहण्याची संवय लागते. नटाच्या दृष्टीनें हा विचार अगदीं योग्य आहे.

परंतु खरें नवल पुढेंच आहे. हा मनुष्य काय काढी? विदूषक. एकामागून एक विदूषक. त्याच्या मृत्यूच्या वेळीं, म्हणजे ता. १७ सप्टेंबर १९९७ पर्यंत, विदूषकांचीं एक हजाराहून अधिक तैलचित्रें त्याच्या हातून उतरलीं होतीं. एकदां कोणीं त्याला विचारलें कीं नेहमीं विदूषकच कां? प्रथम तो म्हणाला कीं तें आपल्याला ठाऊक नाहीं. मग क्षणभर थांबून त्यानें स्वतःच आपलें बोलणें मोडून काढलें. कारण ठाऊक आहे, म्हणाला. फक्त त्याचा विचार करावासा वाटत नाहीं.

हें कारण त्यानें उघड केलें नाहीं आणि दुसऱ्यानें तें त्याच्या तोंडीं घालूं नये. तथापि जन्मापूर्वींच गेलेल्या विदूषक बापाची गोष्ट ज्याच्या कानीं आहे, त्याला ते हजार चेहरे पाहून कांहींतरी वाटल्यावांचून राहणार नाहीं. जो चेहरा कधीं पाहावयास मिळाला नाहीं, तो मनुष्य किती वेळां काढून पाहील? स्केल्टनच्या आयुष्यांत याहूनहि दारुण प्रसंग येऊन गेला. त्याचा एकुलता एक मुलगा रिचर्ड याला १९५७ च्या आरंभीं रक्ताचा कर्करोग झाल्याचें कळलें. त्या काळीं या रोगावर इलाज नव्हता. मुलाला जग दाखवावें म्हणून आईबाप त्याला घेऊन परदेशच्या प्रवासाला गेले. १९५८ च्या मे महिन्यांत, दहावा वाढदिवस अवघ्या कांहीं दिवसांवर आला असतां, तो मुलगा गेला. आणि बाप पुन्हां रंग फासून लोकांना हंसविण्यासाठीं उभा राहिला. वर न पाहिलेला बाप आणि खालीं गमावलेला मुलगा, अशा दोन मृत्यूंच्या मध्यें हा मनुष्य सबंध राष्ट्राला हंसवीत होता. दिवाणखान्यांतील त्या चित्राचे डोळे कां हंसत नाहींत, हें यावरून कोणींहि समजून घ्यावें.

आतां व्यवहाराची बाजू पाहूं. कारण संग्रह म्हटला कीं पैसा आलाच. प्रदर्शनानंतर मागणी वाढूं लागली. त्याच्या मृत्यूच्या सुमारास मूळ तैलचित्रांची किंमत ८०,००० डॉलर व त्याहून अधिक सांगितली जात असे. इतका पैसा सामान्य गृहस्थ कोठून आणणार? त्यांच्यासाठीं छापील प्रति निघाल्या. स्केल्टननें टपालानें प्रति पाठविण्याचा स्वतःचा धंदा काढला आणि चित्रें मांडण्याचे व विकण्याचे हक्क निरनिराळ्या कलादालनांना विकले. चिनी मातीच्या ताटल्यांवरहि त्याचे विदूषक आले. छापील चित्रांपासून आपल्याला वर्षाला २५ लक्ष डॉलर मिळतात, असा अंदाज त्यानें स्वतःच एकदां सांगितला होता. टेलिव्हिजनपेक्षांहि चित्रांनीं त्याला अधिक पैसा मिळवून दिला असावा, असें त्याचीं चित्रें विकणाऱ्या व्यापाऱ्यानें त्याच्या मृत्यूनंतर म्हटलें.

छापील चित्र ही वस्तु महाराष्ट्राला नवी नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला; पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या कारखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी व सरस्वती आजोबा-पणजोबांच्या काळापासून कितीतरी घरांच्या भिंतींवर आहेत. ज्यांनीं त्या विकत घेतल्या त्यांना मूळ तैलचित्र पाहावयास देखील मिळालें नव्हतें, पण म्हणून त्यांची भक्ति उणी झाली नाहीं. शिळाछापाची युक्ति बव्हेरियांतील आलॉइस सेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें आकृति काढावयाची. मग दगड ओला करावयाचा. पाणी तेलकट रेषेवर ठरत नाहीं आणि तेलकट शाई ओल्या दगडावर ठरत नाहीं. त्यामुळें शाई फक्त रेषेलाच लागते आणि कागद दाबला कीं छाप उमटतो. एकेका रंगासाठीं एकेक दगड. इतकें सोपें तत्त्व. पण त्यानें चित्र राजवाड्यांतून झोपडींत आणलें.

रविवर्म्याच्या आणि अमेरिकन छापाच्या धंद्यांत मात्र एक भेद आहे, आणि संग्रह करणाऱ्याचें सगळें सुखदुःख त्या भेदांत सांठविलेलें आहे. रविवर्म्याचें चित्र जितकें छापावें तितकें थोडें, आणि जितकें स्वस्त तितकें चांगलें. अमेरिकेंत ठराविक प्रति छापून आवृत्ति बंद करतात आणि प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनें आंकडा घालतात. चित्राखालीं डाव्या बाजूस १२५/५०० असें लिहिलेलें असेल, तर एकंदर ५०० प्रतींपैकीं ही १२५ वी, असा त्याचा अर्थ. याखेरीज चित्रकारासाठीं कांहीं राखीव प्रति काढतात. त्यांवर वेगळी खूण असते. प्रति थोड्या, म्हणून किंमत अधिक. येथें विकली जाते ती दुर्मिळता. आणि ही दुर्मिळता मनुष्यानें ठरविलेली असते, निसर्गानें नव्हे. म्हणून शहाणा संग्राहक प्रथम आंकड्याचा खालचा भाग पाहतो. ५०० प्रतींची आवृत्ति आणि ५,००० प्रतींची आवृत्ति, दोन्ही 'मर्यादित'च म्हटल्या जातात.

नवशिक्याची दुसरी फसगत शब्दांनीं होते. बाजारांत 'शिळाछाप' या नांवाखालीं जें विकलें जातें, त्यांतलें पुष्कळसें दगडावरून उतरलेलें नसतें. मूळ चित्राचें प्रकाशचित्र घेऊन यंत्रावर छापलेलें असतें. तें ओळखण्याची रीति सोपी आहे. साधें भिंग घेऊन चेहऱ्याच्या फिकट भागावर धरावें. निळे, तांबडे, पिवळे व काळे ठिपके शिस्तीनें मांडलेले दिसले, तर तें वर्तमानपत्रांतील रंगीत चित्राच्याच जातीचें छापकाम आहे. कांहीं प्रति कॅनव्हसवर उतरवून वर पारदर्शक रोगणानें कुंचल्याचे फटकारे उठविलेले असतात. समोरून पाहणारा त्याला तैलचित्रच म्हणेल. दिवा बाजूला धरून पाहावें. रोगणाचे फटकारे एकीकडे धांवतात आणि खालचे रंग दुसरीकडे, असें आढळलें कीं उलगडा झाला. अशी प्रत घेणें वाईट असें मुळींच नाहीं. छापाला छापाची किंमत द्यावी आणि मूळाला मूळाची, इतकेंच.

सहीचीहि गोष्ट तशीच. कांहीं सह्या चित्राबरोबर छापून येतात आणि कांहीं चित्रकार मागाहून हातानें करतो. हातच्या सहीवर पेन्सिलीचा दाब कागदांत उमटलेला असतो व ती तिरप्या उजेडांत किंचित चकाकते. प्रसिद्ध माणसाची सही म्हटली कीं तिची नक्कल करणारेहि निघतात. म्हणून केवळ सहीवर विसंबूं नये; चित्र कोठून आलें, कोणाकडून कोणाकडे गेलें, ही परंपरा पाहावी. जुनी पावती, विक्रेत्याचें पत्र, प्रतीचा दाखला, हे कागद चित्राइतकेच जपून ठेवावे. पुष्कळ घरांत असें होतें कीं चौकट बदलतांना मागचा कागद केरांत जातो, आणि त्याबरोबर चित्राची अर्धी साक्षहि जाते.

आणि जपणूक? छापील चित्राचा पहिला शत्रु सूर्य. ज्या भिंतीवर ऊन पडतें तेथें तांबडें नाक थोड्याच वर्षांत गुलाबी होतें. दुसरा शत्रु चौकटीच्या मागचा हलका पुठ्ठा. त्यांतील आम्लामुळें कागद पिवळा पडतो व पुढें ठिसूळ होतो. कांच कागदाला चिकटूं देऊं नये. मध्यें जाड कागदाची किनार असावी. खळीनें किंवा चिकटपट्टीनें कागद पुठ्ठ्याला डकवूं नये. दमट भिंतीपासून चित्र दूर ठेवावें. हे नियम स्केल्टनच्या विदूषकाला लागू आहेत तसेच घरच्या देव्हाऱ्यावरील जुन्या लक्ष्मीलाहि लागू आहेत.

येथें कोणी चोखंदळ श्रोता म्हणेल, 'हें सर्व ठीक; पण हीं चित्रें कला म्हणून कितपत श्रेष्ठ? स्केल्टन नट नसता तर या विदूषकांना कोणीं विचारलें असतें?' प्रश्न रोखठोक आहे आणि उत्तरहि तसेंच दिलें पाहिजे. पुष्कळांनीं सहीसाठींच पैसे मोजले, यांत शंका नाहीं. एकच विषय हजार वेळां काढणाऱ्याच्या हातून सर्वच चित्रें सारख्या तोलाचीं उतरणेंहि शक्य नाहीं. विनोदी नटांत चित्रकलेचें शिक्षण घेतलेलेहि होऊन गेले. झीरो मोस्टेल हा प्रसिद्ध नट मुळांत चित्रकारच. तो कलेचा शिक्षक होता आणि रंगभूमीवर कीर्ति मिळाल्यावरहि कुंचला हेंच आपलें खरें साधन मानीत असे. जोनाथन विंटर्स यानेंहि कलाशाळेंत शिक्षण घेतलें होतें. स्केल्टनच्या पाठीशीं अशी शाळा नव्हती. परंतु त्याच्यापाशीं दुसरें कांहीं होतें. आरशासमोर बसून ज्यानें हजारों वेळां स्वतःचा चेहरा रंगविला, त्याला चेहऱ्यावरचा रंग म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तोंडाचा कोपरा रेसभर वर गेला तर काय होतें आणि भुवई खालीं आली तर काय होतें, हें तो कातडीनेंच जाणत होता.

तथापि संग्राहकानें एक कठोर सत्य ओळखून असावें. समजा, त्या यजमानानें हौसेनें घेतलेलीं पांचसहा चित्रें आहेत. तो वारला. त्याची मुलगी तीं चित्रें घेऊन व्यापाऱ्याकडे गेली. व्यापारी तरुण आहे. स्केल्टनचें नांव त्यानें फक्त ऐकलेलें आहे. बापानें जी किंमत दिली तिच्यांतला एक भाग चित्राचा होता आणि दुसरा हंशाचा होता. तो हंशा ऐकलेले कान आतां उरले नाहींत. त्या भागाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? नटाच्या नांवावर चढलेला भाव त्या नटाला पाहिलेल्या पिढीबरोबर उतरूं लागतो. म्हणून पुढें भाव येईल या आशेनें असा संग्रह कोणीं करूं नये. जो रोज सकाळीं त्या चित्राकडे पाहून प्रसन्न होतो, त्याचे पैसे रोज थोडे थोडे वसूल होत असतात. जो तिजोरीच्या डोळ्यांनीं पाहतो, त्याला विदूषक शेवटीं हंसतो.

या ठिकाणीं स्केल्टनच्या आयुष्यांतील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९७० मध्यें, त्याचा कार्यक्रम पुष्कळ लोकप्रिय असतांनाच, टेलिव्हिजनच्या कंपनीनें तो बंद केला. दुसऱ्या कंपनीकडे तो एकच वर्ष चालला. या गोष्टीचें शल्य त्याच्या मनांत राहिलें. पुढें अशी बातमी उठली कीं आपल्या मृत्यूनंतर जुन्या कार्यक्रमांच्या सर्व फिती नष्ट कराव्या, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें आहे. १९८० मध्यें त्याच्या तेरा जुन्या लेखकांनीं यावरून त्याला न्यायालयांत खेचलें. त्यानें खुलासा केला कीं तें बोलणें त्या धंद्यावर चिडलेल्या वेळचें होतें. वीस वर्षें खपून उभारलेलें आपलें एकुलतें एक स्मारक कोण आपल्या हातानें जाळील? नट आपल्या हंशाविषयीं इतका चिंतातुर असतो. कारण त्याला पक्कें ठाऊक असतें कीं टाळी वाजते आणि विरून जाते. कॅनव्हसवरचा विदूषक मात्र पडदा पडल्यावरहि भिंतीवर राहतो. आणि कोणी कंपनी त्याचा कार्यक्रम बंद करूं शकत नाहीं.

त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी लोथियन हिनें त्याचीं चित्रें, पोशाख, कागदपत्रें असा मोठा संग्रह व्हिन्सेन्स गांवाला दिला. तेथील विद्यापीठाच्या आवारांत त्याच्या नांवाचें नाट्यगृह २००६ मध्यें झालें होतेंच. त्याच्या शंभराव्या जन्मदिवशीं, ता. १८ जुलै २०१३ रोजीं, अमेरिकन विनोदाचें एक संग्रहालयहि त्याच्या नांवानें उघडण्यांत आलें. ज्या गांवांत तो बापावांचून जन्मला आणि जेथें त्यानें चौकांत उभें राहून वर्तमानपत्रें विकलीं, त्याच गांवीं त्याचे रंगविलेले विदूषक परत आले. हा योग जुळविणारी शेवटीं संग्राहकांची माया आहे. कोणीं जपलें नसतें तर मांडावयास कांहींच उरलें नसतें.

आरंभींच्या प्रश्नाला आतां उत्तर देतां येईल. आठवण विकत घेतां येत नाहीं. ती ज्याच्यापाशीं आहे त्याच्यापाशींच असते. चित्रानें फक्त तिला बसावयास जागा मिळते. म्हणून ज्यांच्या घरीं अशी एकादी वस्तु असेल, मग ती परदेशी नटाचें चित्र असो वा आजोबांनीं घेतलेला रविवर्म्याचा छाप असो, त्यांनीं एक लहानसें काम आजच्या रात्रीं करावें. एका चांगल्या कागदावर चार ओळी लिहाव्या : ही वस्तु कोणीं घेतली, कोणत्या सालीं घेतली, आणि कां आवडली. तो कागद पाकिटांत घालून पाकीट चौकटीच्या मागें अडकवून ठेवावें. व्यापारी त्या कागदाला कदाचित् कांहींच किंमत देणार नाहीं. पण पुढें कधीं तरी तें चित्र खालीं काढलें जाईल, कोणीतरी नातू तें पाकीट उघडील, आणि आपला आजोबा कशाला हंसत होता हें त्या मुलाला कळेल. स्केल्टनला तेवढेंहि मिळालें नव्हतें. आपल्या बापाचें हंसणें कसें होतें, हें तो हजार वेळां कॅनव्हसला विचारीत राहिला.